कागद हातात असू दे : अभिवाचनाची आपली गोष्ट

आजचा भाग घरातूनच रेकॉर्ड केलाय, शीव कोळीवाड्यातून. मध्येच कुकरची शिट्टी किंवा हार्बर लाइनच्या गाडीचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर. बोलताना तेच तेच झालं ते गाळलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

विषय एका बाईंनी सुचवला. त्या शिक्षिका आहेत, सातवीला मराठी शिकवतात. त्यांनी मेसेज केला होता : 'आम्हाला एका प्रशिक्षणात रीडर्स थिएटर नावाचा प्रकार शिकवला. मुलांनी पाठांतर न करता, कागद हातात धरून, आवाज वाटून घेऊन वाचायचं. छान वाटलं. पण सांगणारे असं सांगत होते की हे परदेशातून आलेलं नवीन तंत्र आहे. खरंच का हो? आपल्याकडे असं काहीच नव्हतं?'

उत्तर लिहायला बसले आणि मेसेजचा निबंध झाला. म्हणून हा भाग.

आधी परदेशाचं सांगून टाकते, कारण तेही खोटं नाही. १९५१ साली अमेरिकेत चार नट-नट्यांनी एक कार्यक्रम काढला. चार्ल्स लॉटन, चार्ल्स बॉयर, सेड्रिक हार्डविक आणि अ‍ॅग्नेस मूरहेड. बर्नार्ड शॉचं 'मॅन अँड सुपरमॅन' हे नाटक आहे, त्याचा एक लांबलचक अंक प्रयोगात बहुतेक वेळा वगळतात, कारण त्यात नुसती चर्चाच चर्चा. 'डॉन हुआन इन हेल' या नावाने तो अंक ओळखला जातो. या चौघांनी नेमका तोच उचलला. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. संध्याकाळच्या समारंभाचे कपडे, चार उंच स्टुलं, समोर कागद ठेवायचे स्टँड. गावोगाव फिरले आणि लोकांनी गर्दी केली. तिथून पुढे हा प्रकार अमेरिकेतल्या कॉलेजांत आणि मग शाळांत शिरला.

शाळांत तो टिकला त्याचं कारण मात्र नाटकाचं नव्हतं, वाचनाचं होतं. १९७९ साली सॅम्युएल्स नावाच्या अभ्यासकाने एक लेख लिहिला, पुन्हा पुन्हा वाचण्याच्या पद्धतीबद्दल. म्हणणं साधं आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष अक्षर ओळखण्यातच संपतं, अर्थाकडे द्यायला काही उरत नाही. तोच छोटा उतारा त्याने चार-पाच वेळा वाचला की अक्षरं आपोआप ओळखली जातात आणि लक्ष मोकळं होतं. आपल्याकडे हे जोडाक्षरांच्या बाबतीत रोज दिसतं. 'निश्चयपूर्वक' या शब्दाशी झगडणाऱ्या मुलाला तो निश्चय कोणी केला होता हे विचारून बघा! पण एकच उतारा पाच वेळा वाच म्हटलं तर कुठलं मूल वाचेल? तालीम म्हटलं की वाचतं. रीडर्स थिएटरचं शाळेतलं सगळं गुपित एवढंच.

आता आपल्याकडचं. आणि इथे मी सरळ माझ्या आजीच्या ओटीवर येते.

श्रावणात आमच्या कोळीवाड्यात पोथी लागायची. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बंद, हातात वेळ. म्हणजे होड्या होत्या त्या काळी. आता शीवच्या कोळ्याला समुद्र दिसायलाही दोन गाड्या बदलाव्या लागतात, आमच्या बाया पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन म्हावरं विकत आणतात आणि मग बाजारात बसतात. पण पोथी होती. श्रीधरांची. 'हरिविजय', नाहीतर 'पांडवप्रताप'. 'हरिविजय' १७०२ सालचा, 'पांडवप्रताप' १७१२चा. म्हणजे आमच्या ओटीवर पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा मजकूर रोज संध्याकाळी वाचला जात होता आणि त्याचं कोणालाच काही विशेष वाटत नव्हतं.

वाचायला दोघं लागायचे, ते महत्त्वाचं. एक जण ओवी चालीवर वाचायचा. तो थांबला की दुसरा अर्थ सांगायचा, आपल्या बोलीत. युद्धाचा प्रसंग असला की अर्थ सांगणाऱ्याचा आवाज चढायचा, द्रौपदीचं बोलणं आलं की उतरायचा. मध्येच तो एखाद्या बाईला विचारायचा, 'काय गं, तू काय केलं असतंस?' ती उत्तर द्यायची. वाचणारा चष्मा वर करून वाट बघायचा.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. पण वाचणाऱ्याने एखादी ओवी गाळली तर ती लगेच सांगायची, 'मधली राहिली.' त्याने पान मागे उलटून बघावं आणि राहिलेली असावीच.

मी खूप वर्षं हे अभिवाचनच समजत होते. आता थोडी कुरकुर वाटते. दोन आवाज होते, सूत्रधार होता, ऐकणारे सामील होते, सगळं होतं. पण पोथी एकाच्याच हातात होती. आजी चूक पकडू शकत होती, वाचू शकत नव्हती. कागद कोणाच्या हातात असतो, हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. बाकी आवाजाचे चढउतार वगैरे नंतर.

तो प्रश्न आपल्याकडे ज्याने पहिल्यांदा नाटकातूनच विचारला तो माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या 'सीतास्वयंवरा'ला तेव्हा फक्त बारा वर्षं झाली होती. मराठी रंगभूमी देव-राक्षसांत रमली होती. फुल्यांनी एक शेतकरी घेतला, त्याची गरोदर बायको घेतली आणि दारात येऊन ग्रहदशा सांगणारा एक जोशी घेतला. जोशी भीती घालतो. मग अनुष्ठान, मग ब्राह्मणभोजन, मग कर्ज. मध्ये एक पाद्री येतो, वाद होतो. आणि या सगळ्याच्या कडेला उभा राहून एक विदूषक सतत बोलत असतो. कोण कोणाला कसं फसवतंय ते तो आपल्याला सांगतो, फसणाऱ्यालाही झापतो.

हा विदूषक म्हणजे आजच्या रीडर्स थिएटरवाल्यांचा निवेदकच. प्रसंगातही आहे आणि बाहेरही. आपली पोथीची अर्थ सांगण्याची रीत फुल्यांनी उचलली आणि तिच्या तोंडी उलटा अर्थ घातला, असं मला वाटतं. हे माझं वाटणं आहे, पुरावा मागू नका.

आणि शेवट काय आहे? ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. सावित्रीबाई आणि जोतीराव चालवतात त्या शाळेत. फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली तेही १८५५च. म्हणजे नाटक जिथे संपतं तिथे वर्ग सुरू होतो, आणि तो वर्ग काल्पनिक नाही, पुण्यात खरोखर भरत होता. सामाजिक काम आणि शाळा यांच्यात नाटक आणण्याबद्दल आपण बोलतोय ना? मराठीत ते काम पहिल्या सामाजिक नाटकापासूनच आहे.

नाटकाचं पुढे काय झालं ते मात्र ऐकवत नाही. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. कमिटीने स्वीकारलं नाही. १८७३च्या 'गुलामगिरी'त फुल्यांनी ही हकिकत स्वतः नोंदवली आहे. नाटक हस्तलिखितातच पडून राहिलं आणि छापून आलं ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. एकशे चोवीस वर्षं! ज्या शेतकरी बाईसाठी लिहिलं तिच्या पणतीच्या पणतीने वाचलं असेल तर असेल. अभिवाचनाला काही लागत नाही, फक्त कागद लागतो असं आपण सहज म्हणतो. तो कागदच पोचू दिला नाही तर काय होतं त्याचं हे उदाहरण.

थांबा, पाणी पिते.

हां. पुढचा माणूस शाळामास्तर होता. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपले दिवाकर. १९११ साली त्यांनी 'महासर्प' ही पहिली नाट्यछटा लिहिली. एकूण एक्कावन्न लिहिल्या. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १९३१ साली गेले. इंग्रजी कवी ब्राउनिंगच्या एकट्याने बोललेल्या कविता त्यांनी वाचल्या होत्या, त्यातून त्यांना हा घाट सुचला. पण उतरलं ते अस्सल पुणेरी मध्यमवर्गीय बोलणं.

नाट्यछटेची गंमत अशी की पात्र एकच बोलतं. समोर माणसं असतात, ती प्रश्न विचारतात, रागावतात, निघून जातात, पण त्यांचा एकही शब्द कागदावर नसतो. बोलणाऱ्याच्या बोलण्यातून आपण ते ऐकायचं. 'पंत मेले - राव चढले' हे नुसतं शीर्षक घ्या. एकाचं मरण, दुसऱ्याची बढती, चार शब्दांत कचेरी उभी राहते. दोन-तीन मिनिटांचा मजकूर. नेपथ्य नको, साथीदार नको. वर्गात वाचण्यासाठी याहून नेमकं काही मराठीत लिहिलंच गेलं नाही, असं मी म्हणेन. एका मास्तराने लिहिलंय याचं मग आश्चर्य वाटत नाही.

आणि आपण त्याचं काय केलं? स्पर्धा केल्या. स्पर्धांना माझा सरसकट विरोध नाही, त्यामुळे नाट्यछटा जिवंत राहिली हेही खरं. पण स्पर्धा म्हटली की पाठांतर आलं, डोक्यावर पगडी आली, गालाला रंग आला आणि वर्गातल्या पन्नास पोरांमधून 'स्पष्ट उच्चार असलेली' एक मुलगी निवडली गेली. उरलेली एकोणपन्नास टाळ्या वाजवायला. दिवाकरांनी ज्या प्रकारात न बोलणाऱ्यालाही ऐकू येईल अशी जागा ठेवली, त्याच प्रकारातून आपण वर्गाला गप्प बसवलं.

मी त्या एकोणपन्नासातली. कशी ते सांगते, मग पुढे जाऊ.

पाचवीत असताना, शाळेचं नाव घेत नाही, धडा मोठ्याने वाचायची माझी पाळी आली. मी वाचलं, 'तो पानी प्यायला'. वर्ग हसला. बाईंनी सांगितलं, 'पाणी'. मी म्हटलं, 'पानी'. आमच्या घरात ण नव्हताच. ळ पण नव्हता. आम्ही कोळी नव्हतो, कोली होतो, आणि रस्त्यावरून गाडी नाही, गारी जायची. तीनदा झाल्यावर बाई म्हणाल्या, 'बस खाली.' रागावून पण नाही म्हणाल्या, कंटाळून म्हणाल्या. त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात मोठ्याने एक ओळ वाचली नाही. पाळी यायची तेव्हा घसा धरायचे. मनात मात्र सगळं वाचायचे, अधाशासारखं. आज तुमच्याशी बोलतेय ते 'पाणी' मी रेडिओ ऐकून कमावलेलं आहे.

रेडिओवरून आठवलं, तो टप्पा गाळून चालणार नाही. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, देशातलं पहिलं नियमित प्रसारण. आकाशवाणीवरच्या श्रुतिका म्हणजे दुसरं काय होतं? नट माइकसमोर उभे राहून हातातलं वाचायचे. पाठ करायची गरजच नाही. उलट एक वेगळीच अट : पान उलटल्याचा आवाज येता कामा नये. घरात ऐकणाऱ्याला कळायलाच नको की तो माणूस वाचतोय. गिरणगावात, आमच्याकडे, संध्याकाळी 'कामगारसभा' लागायची, चाळीत एकाच घरात रेडिओ असला तरी ऐकायला अख्खा मजला. मी त्या आवाजांच्या मागे मागे, ओठ न हलवता बोलायचे. ण आणि ळ तिथे घोटले.

बरं वाटतं सांगायला, पण आता विचार केला की एक डाचतं. रेडिओने मला प्रमाण उच्चार दिला आणि कागद लपवायला शिकवलं. रीडर्स थिएटर याच्या उलट म्हणतं : कागद दिसू दे. मी वाचतोय हे दिसू दे. वाचणं ही लपवायची गोष्ट नाही आणि अडखळणंही नाही.

आमच्या कोळीवाड्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर माटुंगा लेबर कॅम्प आहे. तिथे अण्णाभाऊ साठे राहत होते. शाळा दीड दिवसाची, हे तुम्ही ऐकलं असेलच. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षर जुळवलं, असं सांगतात. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ते अभिवाचन नव्हे, ते शाहिरी आणि लोकनाट्य, ओढूनताणून मी त्याला यात बसवणार नाही. पण रस्त्यावरच्या पाटीवर वाचायला शिकलेला माणूस लेखक होतो आणि त्याचं लिहिलेलं गिरणीच्या फाटकाशी हजारो माणसं ऐकतात, हे आमच्या शेजारी घडलंय. परदेशी पाहुण्यांना सगळे जण धारावीची गल्ली दाखवतात, ही पण दाखवावी.

दादरला या. साने गुरुजी ११ जून १९५०ला गेले आणि त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. मुलांना गोष्टी सांगायच्या, एवढाच कार्यक्रम, आणि तो शाळाशाळांतून पसरला. तिकडे कथाकथनाचं मोठ्यांसाठीचं युग आलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव सभागृहं भरवली. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचं वाचन केलं, समोर कागद ठेवून, कुठलीही नाटकी हालचाल न करता. सुनीताबाईंना कविता पाठ नव्हत्या असं थोडंच आहे! तरी कागद समोर. आम्ही ही कविता लिहिलेली नाही, आम्ही ती वाचतोय, असं ते सांगणं होतं. मला तो सभ्यपणा फार आवडतो.

आणि छबिलदास. दादर स्टेशनला उतरणाऱ्या प्रत्येकाला ती शाळा ठाऊक आहे. विजय तेंडुलकरांच्या नाटकांमुळे ओळखले जाणारे अरविंद आणि सुलभा देशपांडे, त्यांच्याबरोबर अरुण काकडे, यांनी १९७१ साली 'आविष्कार' काढली आणि १९७४पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. नाट्यगृहाचं भाडं परवडत नव्हतं, हे साधं कारण. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या. दिवसा जिथे तास व्हायचे तिथे रात्री प्रायोगिक नाटक. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचे पाय नटाला लागतील इतकं जवळ. सुलभाताईंनी मुलांसाठी 'चंद्रशाला' चालवली, 'दुर्गा झाली गौरी' तिथलंच. छबिलदास चळवळीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, नाटककारांवर, दिग्दर्शकांवर. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते, की मराठीतली एवढी मोठी नाट्यचळवळ एका शिक्षिकेच्या शाळेत, बाकं सरकवून उभी राहिली. पडदा वर जाण्याच्या जागेची तिला गरज पडली नाही.

मग १९९२. 'तुम्हारी अमृता'. फिरोज अब्बास खान यांचं दिग्दर्शन, जावेद सिद्दीकींचं लेखन, मूळ कल्पना अमेरिकन नाटककार गर्नीच्या 'लव्ह लेटर्स'ची. शबाना आझमी आणि फारुख शेख बसून एकमेकांची पत्रं वाचतात, शेवटपर्यंत एकमेकांकडे बघत नाहीत. एकवीस वर्षं प्रयोग झाले, २०१३च्या डिसेंबरात फारुख शेख गेले तोवर. मराठीत आज पत्रांची, डायऱ्यांची इतकी अभिवाचनं होतात त्यात या प्रयोगाचा हात आहे, हे मान्य करायला हवं. हिंदी-उर्दूतून आलेलं, अमेरिकेहून सुचलेलं, पण मुंबईतच घडलेलं. तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : बाहेरून पण आलं आणि ओटीवर पण होतं. दोन्ही खरं.

आता समाजमंदिराचं सांगते, कारण बाईंना सोमवारी वर्गात जायचंय आणि त्यांना इतिहासाने काय होणार.

गेली काही वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण समाजमंदिरात मुलं जमवून वाचतो. आमची वस्ती अशी आहे की कोळीवाड्यातली पोरं, प्रतीक्षानगरची मराठी पोरं, तमिळ घरातली दोन-तीन, आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या पंजाबी कॅम्पातली नातवंडं-पतवंडं एकत्र येतात. स्टेशनचं नाव पूर्वी कोळीवाडा होतं, आता गुरू तेगबहादूर नगर आहे. शीव म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. वेशीवर सगळेच भेटतात.

पहिला प्रयोग सपशेल पडला. मी मोठ्या हौसेने एका नामवंत लेखकाचा उतारा निवडला, आवाज वाटून दिले, झेरॉक्स काढल्या. मुलांनी वाचला. म्हणजे संपवला. सातवीतली एक मुलगी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकाच श्वासात, एकाच सुरात गेली, स्वल्पविराम चिरडत. एक मुलगा घसा धरून बसला. घसा धरलेला ओळखायला मला वेळ लागला नाही.

चूक माझी होती. शब्द त्यांचे नव्हते आणि तालीम नव्हती. दुसऱ्या वेळी मजकूर दीड पानाचा घेतला. मी वाचून दाखवला, मग सगळ्यांनी मिळून एका सुरात, मग जोडीजोडीने, मग वाटून. पेन्सिलीने खुणा करायला लावल्या : श्वास कुठे, कुठला शब्द दाबायचा, कुठे वर बघायचं. वर बघणं सगळ्यात अवघड. ओळीचा शेवट डोक्यात धरून, मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यात बघून तो म्हणायचा आणि परत कागदावर नेमक्या ठिकाणी उतरायचं. जमलं की मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं. अडखळणाऱ्याला छोटं काम देऊ नका, ही मात्र माझी कळकळीची सूचना. आपण दयेपोटी त्याला 'हो' आणि 'चला' देतो. त्याला परत परत येणारी ओळ द्या, सगळ्यांबरोबर म्हणायची एक द्या आणि एक चांगली लांब एकट्याची द्या. आठवडाभर वेळ द्या. घरी म्हणून बघतो.

मग मजकूर कुठून आणायचा? आमच्याकडे एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. पन्नास वर्षं पाटी घेऊन बसल्या बाजारात. त्यांना मी म्हटलं, 'आजी, तुम्ही पण या वाचायला.' आणि म्हणता म्हणता जीभ चावली. त्यांना वाचता येत नाही. वाचणाऱ्यांची रंगभूमी म्हटली की न वाचणारा बाहेर, हे माझ्या इतक्या वर्षांत ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या आजीला ओटीवर बसलेली बघितलेली असून.

आजीच म्हणाल्या, 'मना कागद नको. मी सांगते, तुमी लिवा.'

मुलांनी लिहून घेतलं. पहाटे धक्क्यावर जाणं, पहिल्या गाडीत पाटीवरून होणारी भांडणं, सुके बोंबील पावसात भिजले तो दिवस. मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि शब्दाला शब्द उतरवलं, कारण मी बजावलं होतं की काही सुधारायचं नाही. 'पानी' म्हणाल्या तर 'पानी' लिहायचं. हे मुलांना लिहिता येईना! हात आपोआप ण काढायचा. शाळेने केवढं पक्कं शिकवलंय.

आणि वाचायची वेळ आली तेव्हा उलटंच झालं. निवेदकाचे परिच्छेद प्रमाण मराठीत होते, ते हुशार पोरांनी झरझर वाचले. आजीच्या बोलण्याशी मात्र तीच पोरं अडखळली. 'गारी' वाचताना एक जण थांबून म्हणाला, 'हे चुकलंय.' घसा धरणारा पोरगा कोळीवाड्यातला. त्याने तो भाग मागून घेतला आणि असा वाचला, की सगळे गप्प. पुढच्या शनिवारी पंजाबी कॅम्पातल्या मुलीने हट्ट धरला, आजीचा भाग मला पाहिजे. तिला उच्चार त्याने शिकवले. जिन्यात बसून, चार दिवस. 'ळ नाय गं, ल. ल बोल.'

आजी दर तालमीला समोर खुर्चीवर. ऐकतात आणि मध्येच हात वर करतात. 'असा नाय, बाय. भांडण आधी, गारी मागून.' मग सगळे पेन्सिल काढतात. परवा त्यांना अचानक आठवलं की त्या दिवशी बोंबील भिजले नव्हतेच, जवळा भिजला होता. आता ज्याच्या संवादात तीन वेळा बोंबील आहेत तो वैतागलाय. शनिवारी बसून ते पान पुन्हा लिहायचंय.

बाई, तुम्हाला ते दीड पान हवं असेल तर पाठवते, पण जवळ्याचं नक्की झालं की.